सासऱ्यांचे बत्तीस दात

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. मोठी कामं करणारी माणसं नोंदी ठेवतात, आणि आमच्या ऑफिसात मोठं काम करणारा माणूस एकच आहे. नाव लिहीत नाही. वही माझीच आहे.

सकाळी मेहुण्याचा फोन. मेहुणा दातांचा डॉक्टर. त्याच्या दवाखान्यातलं एक्स-रेचं मशीन आमच्या कंपनीचं आणि त्या मशीनच्या पोटातली फाइल सिस्टम माझी. एकट्याची. मीच मागे लागून त्याला ते मशीन घ्यायला लावलं. आज मात्र त्याचा आवाज घरचा नव्हता, गिऱ्हाइकाचा होता. म्हणे, शनिवारी बाबांचा एक्स-रे काढला (बाबा म्हणजे माझे सासरे; कवळी टोचते म्हणून गेले होते), आणि थोड्या वेळाने तोच परत उघडला तर पडद्यावर बत्तीसच्या बत्तीस दात. सासऱ्यांच्या तोंडात गेली कित्येक वर्षं एकही दात नाही. कवळीसुद्धा त्या वेळी वाटीत होती.

मी शांतपणे विचारलं, मधल्या वेळात कुणाचा काढलास. म्हणे, एका कॉलेजातल्या मुलीचा. मग तिचे असतील, म्हटलं. तर म्हणतो, भाऊजी, तिचेच आहेत, म्हणून तर फोन केला. याला प्रश्न मांडायची पद्धतच नाही.

सासरे मात्र खूश आहेत. प्रिंट मागून घेतली म्हणे.

माझा उजवीकडचा खालचा मागचा दात जरा ठणकतोय. लक्ष देणार नाही.

४ मार्च, मंगळवार

साहेबांनी बोलावलं. त्यांना सगळे तारीखसाहेब म्हणतात, कारण त्यांना काहीही सांगा, ते फक्त 'कधी?' एवढंच विचारतात. आग लागलीय म्हटलं तर विचारतील, कधी विझेल. आज तारीख त्यांनीच दिली. महिनाअखेर. तोवर हा घोळ मिटला नाही तर माझी फाइल सिस्टम मशीनमधून काढणार आणि नेटवर फुकट मिळणारी तयार सिस्टम तिच्या जागी बसवणार.

फुकट! बारा वर्षं मी यातली एकेक ओळ लिहिलीय. मुलगी पहिलं पाऊल टाकत होती तेव्हा मी ऑफिसात या सिस्टमचा तिसरा भाग लिहीत होतो. बायको अजून ऐकवते. आणि हे निघाले फुकटात दुसरी आणायला.

ती दुसरी बसवून बघायचं काम शंकाताईला दिलंय. ही नवीन आलेली इंजिनिअर. नाव मी ठेवलंय. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'मला एक शंका आहे' अशी. मी बोलत असताना सगळे मान डोलावतात, ही वर बघत हिशेब केल्यासारखी बसते.

निश्चय: शुक्रवारपर्यंत बग मारायचा. उद्यापासून चहा बंद.

५ मार्च, बुधवार

चहा उद्यापासून बंद. आज डोकं चालवायचं होतं.

पुढच्या पिढीसाठी लिहून ठेवतो. एक्स-रेची फाइल कार्डावर आहे, डिस्कवर आहे की पेनड्राइव्हवर, याची पडद्यावरच्या प्रोग्रामला काही पडलेली नसते. तो नुसती फाइल मागतो. मधे बसून ती शोधून त्याच्या हातात देणारा जो थर, तो माझा. उघडलेल्या प्रत्येक फाइलला मेमरीत एक जागा लागते, हॉलमध्ये माणसाला खुर्ची लागते तशी. ज्याला फाइल हवी तो खुर्चीवर आपला रुमाल टाकतो. काम झालं की उचलतो. दोघांना हवी असेल तर दोन रुमाल. शेवटचा रुमाल उचलला गेला की खुर्ची रिकामी झाली असं समजून पुढच्याला द्यायची. काय सुंदर व्यवस्था! जगात इतरही लोक असंच करतात, पण मी त्यांचं बघून केलेलं नाही. निदान सगळं नाही.

आता कोणी आपला रुमाल उचलताना शेजाऱ्याचाही उचलला, तर खुर्ची नव्या माणसाला जाते आणि जरा बाहेर गेलेला शेजारी परत येऊन त्याच्या मांडीवर बसतो. सासऱ्यांच्या नावाखाली त्या मुलीचे दात आले ते असे. म्हणजे कोणीतरी दुसऱ्याचा रुमाल उचलतंय.

माझा कोड नव्हे. माझा कोड सज्जन आहे.

६ मार्च, गुरुवार, सकाळी

सापडलं! मेमरीची चिपच हलकी. हार्डवेअरवाल्यांनी स्वस्तातला माल भरला असणार. त्यांना चार शब्द सुनावले.

दुपारी

हार्डवेअरवाल्याने चिप बदलून दिली, तीही हसतहसत. त्या हसण्याचा मला तेव्हाच संशय यायला हवा होता. टेस्टिंगच्या टेबलावर प्लॅस्टिकचे जबडे असतात, एक मोठ्या माणसाचा, एक लहान मुलाचा. नव्या चिपवर लहान मुलाच्या नावाखाली अक्कलदाढा आल्या. शंकाताई म्हणाली, तिला शंका होतीच. मी म्हटलं, शंका सगळ्यांनाच असतात, उत्तरं कोण देणार.

चहा दोनदा. दातासाठी. ऊब लागते.

१० मार्च, सोमवार

शुक्रवारी बग मेला नाही, कारण शुक्रवारी तारीखसाहेबांनी दोनदा 'कधी?' विचारायला बोलावलं. माणसाने काम करायचं कधी?

आज चमत्कार. कोण रुमाल उचलतं ते बघायला मी कोडमध्ये एक ओळ घातली. रुमाल उचलला की पडद्यावर तसं छापायचं, बस. ओळ घातली आणि बग गायब. दिवसभर जबडे बदलून पाहिले, एकही दात इकडचा तिकडे नाही. ओळ काढली की बग परत. घातली की गायब. म्हणजे ती ओळ हाच उपाय! साहेबांना सांगितलं, झालं काम.

शंकाताईची शंका: छापण्यात वेळ जातो, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही एवढंच, चूक आहे तिथेच आहे, मशीन जरा वेगळ्या चालीने चाललं की परत येईल. मी म्हटलं, भांडणारी माणसं वेगळ्या वेळी जेवायला बसवली तर भांडण मिटलंच ना. ती म्हणाली, मिटलं नाही, लांबलं. साहेबांनी तिच्याकडे बघून मान डोलावली. कमाल आहे!

१२ मार्च, बुधवार

लांबलंच. पुढचं लिहीत नाही.

दाताला आता गार पाणीही झोंबतं. बायको म्हणाली, घरात दातांचा डॉक्टर असून तुम्ही लवंगेच्या तेलावर कसले राहताय, दाखवून या. मी म्हटलं, वेळ नाही. ती म्हणाली, भीती वाटते असं सरळ म्हणा. मला भीती कसली? मेहुण्याकडे जायचं म्हणजे त्या मशीनसमोर बसायचं, आणि ते मशीन माझं आहे. माझाच माझ्यावर विश्वास नसेल असं तिला वाटतं का? फक्त महिनाअखेरपर्यंत थांबलेलं बरं. सध्या कामाचा ताण आहे.

१४ मार्च, शुक्रवार

अखेरचा उपाय. इतका सोपा की इतके दिवस का सुचला नाही, याचं दुसऱ्या कोणाला आश्चर्य वाटेल. मला वाटत नाही, कारण सोप्या गोष्टी उशिराच सुचतात. प्रत्येक खुर्चीवर मी माझा एक जादा रुमाल ठोकून टाकला. खिळ्याने. कोणी कितीही उचलाउचली करा, तो निघणार नाही. खुर्ची कधीच रिकामी होणार नाही, म्हणजे कधीच दुसऱ्याला जाणार नाही, म्हणजे मांडीवर बसण्याचा प्रश्नच नाही.

शंकाताईने तोंड उघडलं तेवढ्यात मी जेवायला गेलो.

संध्याकाळी दवाखान्यातल्या मशीनवर बसवूनही टाकला. मेहुणा म्हणाला, भाऊजी, नक्की ना. मी म्हटलं, लिहून देतो.

१७ मार्च, सोमवार

लिहून दिलं नव्हतं ते बरं झालं.

सकाळी उत्तम चाललं. दुपारी हॉल भरला. सगळ्या खुर्च्या अडलेल्या, उठायला कोणी तयार नाही, नव्या फाइलला जागा नाही. मशीन गप्प. खुर्चीत एक बाई आ वासून, तोंडात एक्स-रेची पट्टी धरून बसलेल्या, आणि मेहुणा बटणं दाबतोय. त्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका निघाल्या. पट्टी तोंडातून काढल्यावर त्या जे बोलल्या ते मेहुण्याने मला शब्दशः ऐकवलं. त्यातलं 'बेजबाबदार' तेवढं मला लागलं. बाकीचं मेहुण्यालाच उद्देशून असावं.

मी सुचवलं, दर दोन तासांनी मशीन बंद करून चालू करायचं. माणसालासुद्धा विश्रांती लागते. मेहुण्याने फोन ठेवला.

सगळं जुन्यासारखं करून ठेवलं. आता मेहुणा प्रत्येक पेशंटचे दात बोटाने मोजून पडद्याशी ताडून बघतो. इतकं अविश्वासी माणसाने असू नये.

२० मार्च, गुरुवार

शंकाताईने अगोचरपणा केला. मला न विचारता माझ्या कोडमध्ये हात घातला. खुर्ची रिकामी झाली की ती लगेच दुसऱ्याला द्यायची नाही, तिच्यावर टाचण्या पसरून ठेवायच्या. खरंच काम संपलेला माणूस तिकडे फिरकणारच नाही. चुकून परत येऊन बसणारा मात्र जागच्या जागी किंचाळेल. मी म्हटलं, हा काय क्रूरपणा. ती म्हणाली, सर, सगळीकडे असंच शोधतात. सगळीकडे!

टाचण्या पसरल्या, जबडे लावले, तासाभरात किंकाळी आली. पडद्यावर ओळीचा नंबर. फाइल माझी. फंक्शन माझं.

पेशंट हलला की एक्स-रे अर्धवट सुटतो आणि मशीन तो रद्द करतं. रद्द करताना माझं फंक्शन रुमाल उचलतं. आणि ज्या फंक्शनने त्याला बोलावलं तेही, नेहमीसारखं काम संपलंय असं समजून, पुन्हा उचलतं. तो दुसरा रुमाल पडद्यावर चित्र दाखवणाऱ्याचा. सासरे त्या दिवशी मधेच हलले होते. शिंकले म्हणे.

शंकाताईने विचारलं, सर, रद्द झाल्यावर रुमाल कोणी उचलायचा याचा नियम काय? मी म्हटलं, नियम आहे. कुठे लिहिलाय, म्हणाली. आता सगळंच लिहायचं का? काही गोष्टी माणसाच्या डोक्यात असतात. बारा वर्षं त्या माझ्या डोक्यात सुरक्षित होत्या.

२१ मार्च, शुक्रवार

शांतपणे विचार केल्यावर लक्षात आलं की चूक कोडची नाहीच. पेशंटची आहे. पेशंट हललाच नाही तर एक्स-रे रद्द होणार नाही, रद्द झाला नाही तर रुमाल दोनदा उचलला जाणार नाही. माझी सिस्टम शिस्तीच्या माणसांसाठी लिहिलेली आहे. दवाखान्यासाठी मोठ्या अक्षरात पाटी छापून घेतली: 'कृपया हलू नये. शिंकू नये.'

तारीखसाहेबांनी पाटी वाचली. पहिल्यांदाच त्यांनी 'कधी?' विचारलं नाही. नुसतं बघत राहिले. प्रभाव पडला असावा.

तरीही उदार मनाने मी कोडमधली एक उचल काढून टाकली. दोन्ही ठिकाणी बघून, विचार करून, त्यातली कमी महत्त्वाची.

२४ मार्च, सोमवार

नवा कोड तयार. पेनड्राइव्हवर घालून शंकाताईच्या टेबलावर ठेवला. दवाखान्यात जाऊन बसवून येणं हे काही माझ्या पातळीचं काम नाही.

लिफ्टमध्ये ती काहीतरी सांगू बघत होती. सर, साहेबांनी असं ठरवलंय की तिथे आता, एवढं झालं आणि मी हात वर केला. म्हटलं, ठरवणारे ठरवोत, आपण काम करावं. मग म्हणाली, मेल पाठवलीय, बघा. तिच्या मेल वेगळ्या खणात आपोआप जाण्याची सोय मी पहिल्याच आठवड्यात केलेली आहे. शांततेत काम होतं.

२५ मार्च, मंगळवार

मेहुण्याला फोन. म्हणाला, भाऊजी, झकास चाललंय. एकही घोळ नाही. मशीन आता निम्म्या वेळात सुरू होतं.

निम्म्या वेळात! एक ओळ काढल्याचा एवढा परिणाम. मलाही अपेक्षा नव्हती, पण चांगल्या कोडचं असंच असतं, एक गाठ सुटली की सगळा धागा मोकळा.

२६ मार्च, बुधवार

अजूनही झकास. मेहुणा म्हणतो, पेशंट हलतात, शिंकतात, एकदा लाइटसुद्धा गेली, तरी ज्याचे दात त्याच्याच नावावर. मुख्याध्यापिका बाई परत येऊन गेल्या आणि हसल्या. पाटीचं काय केलं विचारलं, तर म्हणाला, काढून ठेवली, आता गरज नाही. पडद्यावरची बटणं निळी झालीत म्हणे, आवडली. बटणांना मी हात लावलेला नाही. पडद्यावरच्या प्रोग्रामवाल्यांनी संधी साधून आपलं घोडं पुढे दामटलं असणार. लोकांना दुसऱ्याच्या यशात वाटा हवा असतो.

जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, फुकटची सिस्टम असती तर हे झालं असतं का? हार्डवेअरवाल्याला ठसका लागला. शंकाताई माझ्याकडे बघत होती. वाईट वाटलं तिचं. तिची इतक्या दिवसांची मेहनत वाया गेली.

निश्चय: तिच्याशी यापुढे चांगलं वागायचं. जिंकणाऱ्याला परवडतं.

२८ मार्च, शुक्रवार

दातामुळे जेवता येत नाही. गाल टम्म. पण आता कारण उरलेलं नाही. उद्या जातो. आणि नुसता जात नाही, मुद्दाम त्या मशीनसमोर बसतो. ज्याने बनवलं त्यानेच आपला जबडा पुढे करावा, याहून मोठी खात्री कोणती? सोमवारच्या मीटिंगमध्ये हेच सांगणार. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. बायको दारात उभी होती. म्हणाली, जाताय हे बरं केलंत, बाकी काही बोलू नका. तिच्या स्वभावात कौतुक बसत नाही.

२९ मार्च, शनिवार, दुपारी

दात गेला. कापूस धरलाय. लिहिता येतं, बोलता येत नाही.

एक्स-रे मी मुद्दाम हलून काढायला लावला. दोनदा रद्द झाला. तिसऱ्यांदा आला. मधे दुसऱ्या पेशंटचा काढायला लावला आणि मग माझा परत उघडायला सांगितला. माझं नाव, माझाच जबडा, आणि कोपऱ्यात तो सडका दात. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. बारा वर्षं. मेहुण्याला वाटलं दुखतंय. त्याने इंजेक्शन वाढवलं.

दात काढून, कापूस कोंबून, हात धूत धूत मेहुणा मोकळेपणाने बोलायला लागला. म्हणाला, भाऊजी, मनाचा मोठेपणा म्हणतात तो हा. दुसरा कोणी असता तर तोंड दाखवलं नसतं, तुम्ही तर नवीन सिस्टमवर पहिल्या आठवड्यात स्वतः येऊन बसलात. तुमच्या ऑफिसातली ती मुलगी सोमवारी येऊन तुमची जुनी काढून ही नवी बसवून गेली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर नाही. आणि म्हणाला, रागावू नका, पण जुनी असती ना, तर तुमच्या दाताला मी पक्कड लावली नसती. ताईला काय तोंड दाखवलं असतं मी?

मी ऊं ऊं केलं. तो म्हणाला, बोलू नका, रक्त येईल.

मग हात पुसत त्याने हळूच विचारलं, तुम्हाला माहीत होतं ना, भाऊजी?

मी मान डोलावली.

संध्याकाळी

शंकाताईची मेल त्या खणातून काढून वाचली. सोमवारची. त्यात सगळं आहे. माझा पेनड्राइव्हवरचा कोड तिने आधी ऑफिसातल्या मशीनवर लावून पाहिला होता. मी जी उचल काढली ती काढायची नव्हती, दुसरी काढायची होती. आता रद्द न होता नीट निघालेल्या एक्स-रेचा रुमालही कोणीच उचलत नाही. हॉल पुन्हा भरतो, थोडा सावकाश एवढंच. म्हणून साहेबांनी दवाखान्यात तयार सिस्टम बसवायला सांगितलंय, असं तिने लिहिलंय. शेवटी लिहिलंय, सर, दुरुस्ती एका ओळीची आहे, तुमची सिस्टम राहावी असं मला वाटतं, साहेबांशी तुम्ही बोललात तर अजून वेळ आहे. आपण दोघं बसून करू.

सोमवारी वेळ होता.

कारणं बरीच आहेत. लिहायला बसलो होतो. लिहिली नाहीत.

३१ मार्च, सोमवार

मीटिंग. भिंतीवर मेहुण्याने पाठवलेला माझ्या जबड्याचा एक्स-रे, मोठा करून, वर माझं नाव. तारीखसाहेब म्हणाले, नवीन सिस्टम उद्यापासून सगळ्या मशीनवर. आणि म्हणाले, सगळ्यात आधी तिच्यावर विश्वास कोणी टाकला? आपल्या सगळ्यात जुन्या माणसाने, तोही स्वतःचा दात देऊन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शंकाताईने वाजवल्या नाहीत. ती खाली बघत होती. मला तिचा राग आला नाही, हे नवीनच.

साहेबांनी विचारलं, दोन शब्द बोलणार का. मी गालाला हात लावून नकार दिला. राहू द्या, राहू द्या, त्यांना त्रास होतोय, असं सगळे म्हणाले.

सूज कालच उतरली होती.